ओल कुठली, पाणी कुठलं

भिंतीला ओल आली की घरातलं प्रत्येक माणूस इंजिनिअर होतं. आमच्या हॉल आणि बाथरूमच्या मधल्या भिंतीवर, जमिनीपासून हातभर उंचीवर रंगाला फुगवटा आला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, पावसाचं पाणी मुरलं असेल, चैत्रात आपोआप वाळेल. चैत्र आला, फुगवटा फुटला, पोपडे गळायला लागले. नवऱ्याने निकाल दिला, वरच्यांचं बाथरूम. रंगारी म्हणाला, खरवडून पुट्टी मारतो, वर डॅम्पप्रूफचे दोन हात देतो, मग दहा वर्षं बघायला नको. मतं सगळ्यांची ठाम होती. ओल मात्र कुणाचंही न ऐकता वर चढत होती.

पोपड्याचं एक टोक नखाने उचललं तर खाली तलम पांढरी भुकटी. बोटांच्या चिमटीत ती किंचित खरखरते आणि मग विरून जाते. हा लोणा. विटेत, वाळूत, सिमेंटमध्ये असलेले क्षार पाण्यात विरघळतात, पाण्याबरोबर भिंतीच्या तोंडापर्यंत येतात, पाणी हवेत उडून जातं आणि क्षार तिथेच राहतात. रंगाच्या पापुद्र्याखाली त्यांचे स्फटिक वाढत जातात आणि रंग आतून ढकलून काढतात. म्हणजे रंग पाण्याने पडत नाही, पाणी वाळल्यामुळे पडतो. आणि लोणा सांगतो तो फक्त पाण्याच्या बाहेर पडण्याचा पत्ता. ते शिरलं कुठून, याबद्दल तो चकार शब्द काढत नाही.

सगळी गोम इथे आहे. डोळ्यांना दिसते ती ओल, आणि आपण त्या जागेवर तुटून पडतो. पण भिंतीत शिरलेलं पाणी सरळ खाली येईल असं गृहीत धरणाऱ्याने कधी स्लॅब भरताना पाहिलेला नसतो. पाणी स्लॅबवरून उताराने सरकतं, विटांच्या सांध्यांतून वाट काढतं, विटेत चढतंसुद्धा. विजेच्या तारांसाठी भिंतीत आणि स्लॅबमध्ये पुरलेल्या नळ्या तर त्याला आयत्याच मिळतात. त्यामुळे एखाद्या घरात गळती असते बाथरूमच्या कोपऱ्यात आणि पाणी ठिबकतं शेजारच्या खोलीत, थेट पंख्याच्या हुकातून. अशा वेळी पहिलं काम प्लंबरला फोन करण्याचं नसून मेन स्विच पाडण्याचं असतं, हे जाता जाता सांगून ठेवते.

आमच्याकडे जे मिस्त्री आले ते साठीच्या घरातले होते. हातात कापडी पिशवी, कानावर पेन्सिल. भिंतीकडे त्यांनी फारसं पाहिलंच नाही. आधी खाली बसले, पाणी मागितलं आणि विचारायला सुरुवात केली.

“ताई, पावसाळ्यात वाढते का?”

“सुरू झाली फेब्रुवारीत.”

“सकाळच्या आंघोळी झाल्यावर जास्त दिसते?”

“तसं काही नाही. सारखीच असते.”

“मधे घर बंद ठेवून कुठे गावाला गेला होतात? परत आलात तेव्हा काय होतं?”

परत आलो तेव्हा ओल वीतभर वाढलेली होती. हे ऐकल्यावर त्यांनी मान हलवली. मला तेव्हा ती मान कशासाठी हलली ते कळलं नाही, नंतर त्यांनीच उलगडून सांगितलं.

घरात तीन पाणी असतात, असं त्यांचं म्हणणं. एक पावसाचं. ते गच्चीतून, खिडकीच्या कडेने किंवा बाहेरच्या प्लास्टरच्या चिरेतून येतं. पाऊस लागल्यावर दोनचार दिवसांनी उगवतं आणि दिवाळीनंतर हळूहळू मावळतं. दुसरं वापराचं, म्हणजे नहाणी ट्रॅपमधून, बेसिनच्या आणि संडासच्या पाइपांतून जाणारं सांडपाणी. त्याला दाब नसतो. कुणी नळ सोडला, बादली ओतली तरच ते वाहतं आणि तेव्हाच गळतं. तिसरं लाइनचं. गच्चीवरच्या टाकीतून आलेलं, तुमच्या नळाच्या तोंडाशी रात्रंदिवस दाब धरून उभं असलेलं. हे पाणी सुट्टी घेत नाही. तुम्ही गावाला जा नाहीतर तीर्थयात्रेला, त्याचं चालूच. घर बंद असताना ओल वाढली म्हणजे संशय लाइनवर. एक पैसा खर्च न करता, छिन्नीला हात न लावता त्यांनी तिनातली दोन नावं जवळजवळ खोडली होती.

जवळजवळ म्हणायचं कारण बाथरूमचा खड्डा. आपल्याकडच्या बहुतेक इमारतींत बाथरूमचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा फूटभर खाली असतो. त्यात पाइप टाकतात, वर विटांचे तुकडे आणि कोबा भरतात, मग फरशी. नहाणीच्या कडेचा सांधा सुटला की पाणी या भरावात साठत राहतं, आणि भराव भरला की माठासारखा सगळीकडून पाझरायला लागतो. वापर थांबला तरी हा पाझर कितीतरी दिवस चालू राहू शकतो. म्हणून वरच्यांचं बाथरूम हा नवऱ्याचा मुद्दा एकदम मोडीत काढता येत नव्हता.

वरच्या काकूंकडे जाणं हा या कामातला सगळ्यात अवघड भाग. प्लंबिंग त्यामानाने सोपं. सोसायटीत ‘तुमच्या बाथरूममधून आमच्याकडे गळतंय’ हे वाक्य उच्चारलं की वर्षानुवर्षांचे संबंध एका क्षणात नियमावलीवर येतात. नियमावली तशी स्पष्ट आहे. राज्यातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठीच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसामुळे होणारी गळती आणि बाहेरच्या सामायिक पाण्याच्या नि सांडपाण्याच्या पाइपांची गळती सोसायटीने आपल्या खर्चाने दुरुस्त करायची. फ्लॅटच्या आतल्या संडास-सिंकमधून होणारी ज्या त्या फ्लॅटवाल्याने. पण नियम लागू होतो पाणी कुणाचं ते ठरल्यावर. भांडण त्याच्या आधीचं असतं. मी बऱ्याच सोसायट्यांच्या सभांचे किस्से ऐकले आहेत. त्यांत आवाज चढतो तो पैशांपेक्षा ‘आमच्याकडून शक्यच नाही’ या वाक्यावर. पैसे द्यायला लोक तयार होतात, आपल्या घरातून काही झिरपतं हे मान्य करायला होत नाहीत.

काकू मात्र भल्या. मिस्त्रींनी त्यांच्या नहाणीत पोत्याचा बोळा कोंबला, वर सिमेंटचा हात फिरवला, फरशीवर दोन बोटं पाणी साठवलं आणि भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण केली. काकूंनी आंघोळीला दुसरं बाथरूम वापरलं. संडासच्या फ्लशच्या टाकीत रंगपंचमीचा उरलेला लाल रंग टाकला होता. रंग खाली उतरला असता तर सांडपाण्याच्या पाइपावर बोट ठेवता आलं असतं. या तपासणीला घाई चालत नाही, भरावातून रंग यायला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी पाणी खुणेला तसंच होतं आणि आमच्या भिंतीवर लाल सोडा, गुलाबी छटाही नव्हती. काकू सुटल्या. त्यांनी आम्हाला चहा दिला, वर विचारलं, “आता तुमच्याच घरातलं निघालं तर?”

आता लाइन. स्वतंत्र मीटर असलेल्या घरात हे काम सोपं असतं: सगळे नळ बंद करायचे आणि मीटरवरचं बारीक चाक फिरतंय का ते बघायचं. फिरत असेल तर पाणी कुठेतरी जातंय, बस्स. आमच्याकडे फ्लॅटला मीटर नाही. मिस्त्रींनी पिशवीतून हातपंप काढला, त्याला दाबाचा काटा जोडलेला. थंड पाण्याची लाइन आणि गीझरची गरम लाइन एकमेकींपासून तोडल्या, नळांच्या तोंडांना डमी ठोकल्या, आधी थंड लाइनीत पाणी दाबून भरलं. काटा चढला आणि तिथेच राहिला. आम्ही जेवण उरकून आलो तरी जागचा हलला नव्हता. मग गरम लाइन. काटा चढला, थबकला आणि खाली यायला लागला. घाईघाईत नाही. घड्याळाच्या तासकाट्याकडे टक लावून पाहिलं तर तो सरकतोय की नाही असा संशय यावा, तसा. पण सरकत होता.

एवढ्याशा गळतीने भिंत भिजते कशी, असं मुलाने विचारलं. हिशोब साधा आहे. सेकंदाला एक थेंब धरा. दिवसाचे 86,400 सेकंद. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी दिवसाला चार लिटरांहून जास्त पाणी भिंतीच्या पोटात. आठवड्याला दीड बादली. भिंत हे पाणी काही पिऊन टाकत नाही. ते विटेत मुरतं, प्लास्टर फुगवतं आणि स्लॅबमधल्या सळईपर्यंत पोचलं तर मात्र प्रकरण रंगाचं राहत नाही. लोखंड गंजलं की दुपटीहून जास्त जागा मागतं, ती जागा त्याला काँक्रीट फोडूनच मिळते. खालच्या मजल्यावरच्या बाथरूमच्या छतातून तांबूस सळया बाहेर डोकावताना दिसतात त्या यामुळे.

गरम लाइन गुन्हेगार हे कळलं, पण ती लाइन गीझरपासून शॉवरपर्यंत आणि तिथून स्वयंपाकघराच्या सिंकपर्यंत, सगळी टाइलच्या मागे. अख्खी भिंत सोलून काढायची का? हल्ली उष्णतेची चित्रं काढणारे कॅमेरे घेऊन येणारे लोक शहरांत मिळतात. त्यांच्याबद्दल एक गैरसमज आहे. तो कॅमेरा भिंतीच्या आत पाहत नाही, पाणीही पाहत नाही; भिंतीच्या पृष्ठभागाचं तापमान पाहतो. ओल्या भागातलं पाणी उडताना तो भाग गार करतं, म्हणून ओल वेगळ्या रंगात दिसते. एसीची नळी किंवा सावलीचा कोपराही तसाच दिसू शकतो. चांगलं यंत्र आहे, पण ते चालवणाऱ्याला भिंत कळत असेल तर.

मिस्त्रींकडे कॅमेरा नव्हता. त्यांनी डमी काढल्या, लाइन पुन्हा जोडली, गीझर कडक तापवला आणि कॉक उघडून ठेवला. शॉवर, नळ सगळे बंद. अर्ध्या तासाने बाथरूममध्ये गेले, चष्मा खिशात ठेवला आणि उजवा तळहात टाइलवर टेकवला. एक टाइल, दुसरी, तिसरी. मधेच डोळे मिटत. मिक्सरच्या खाली डाव्या बाजूला त्यांचा हात थांबला. मला बोलावलं. “इथं ठेवा, आता इथं.” एक टाइल गार आणि तिच्या शेजारची कोमट, ज्वर उतरत आलेल्या कपाळाइतकी. खिशातल्या नाण्याने त्यांनी दोन्ही वाजवल्या. पहिली ठणठणली. दुसरी बद्द बोलली.

ग्राइंडरने सांधे कापून ती एकच टाइल त्यांनी काढली. मागचं सिमेंट काळपट, ओलं, बोटाने उकरलं तरी येत होतं. छिन्नीने हलके हलके उकरत गेल्यावर पाइप दिसला, मग एल्बो, ज्याच्या पोटात पितळेचे आटे असतात आणि ज्यात मिक्सरचा पाय बसतो. मिस्त्रींनी बॅटरी तिरकी धरली. एल्बोच्या कडेला केसाएवढी चीर होती आणि तिच्यातून पाण्याची सुईसारखी धार निघून मागच्या विटेवर आदळत होती. धारेने विटेत करंगळीचं टोक बसेल एवढा खळगा पाडला होता. तिथून पाणी विजेच्या नळीच्या झिरीत उतरत होतं आणि त्या झिरीने हातभर आडवं जाऊन हॉलमध्ये उगवत होतं. “कुणीतरी जोर काढलाय,” मिस्त्री म्हणाले. प्लास्टिकच्या एल्बोत पितळी आटे. मिक्सर बसवणाऱ्याने पाना एक फेरा जास्त मारला की त्या क्षणी काही होत नाही. गरम पाण्याने पाइप फुगतो, थंड झाला की आकसतो, रोज दोनदा. कधीतरी तो जास्तीचा फेरा वसूल होतो.

जुन्या लोखंडी पाइपांचं दुखणं वेगळं होतं. आटे पाडलेल्या जागी नळी पातळ होते, जस्ताचा मुलामा जातो आणि तिथूनच गंज पकडतो. पण ते पाइप बहुधा डोळ्यांसमोर असत. चाळींच्या आणि जुन्या इमारतींच्या मागच्या अंगाला पाइपांचं जाळं उघडं पडलेलं असे, शहर विद्रूप दिसे हे मान्य. पण ठिबकणारा सांधा शेंबड्या पोरालाही दिसे आणि मिस्त्री पाना लावून तो घट्ट करून जाई. सगळं भिंतीत गाडायचं हे वेड त्या मानाने अलीकडचं. ‘कन्सील्ड’ हा शब्द बिल्डरच्या माहितीपत्रकात आला आणि उघडा पाइप दारिद्र्याचं लक्षण ठरला. आता नळाचं फक्त तोंड बाहेर. पाण्याचा पाइप भिंतीत, एसीची सांडनळी भिंतीत, गीझरचा कॉकही कधीकधी टाइलच्या मागे. मला या हौसेचा मनापासून राग आहे. ज्याला सांधे आहेत ते कधी ना कधी सुटणार. ते जिथे दिसणार नाहीत अशा जागी ठेवायचे आणि वर इटालियन टाइल लावायची, याला सौंदर्यदृष्टी का म्हणायचं?

आपल्याकडे पाणी लपवूनच नेत असत, पण वाट ठेवून. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून शनिवारवाड्याकडे पाणी आणलं ते जमिनीखालच्या दगडी नळातून. पण तो नळ माणूस आत उतरून चालू शकेल एवढा रुंद, आणि वर ठिकठिकाणी उच्छ्वास बांधलेले. हवा खेळावी हा एक हेतू, आणि गाळ काढायला, डागडुजीला वरून वाट असावी हा दुसरा. मलिक अंबरने औरंगाबादेत आणलेल्या नहरीलाही असेच मनोरे आणि उतरायच्या जागा आहेत. बांधणाऱ्यांनी बिघडेल तेव्हा काय, याचा विचार आधी केला होता. आमच्या बाथरूमच्या भिंतीत तो विचार कुठेच सापडला नाही.

शहराचं तरी वेगळं काय चाललंय? मुंबईला सात तलावांचं पाणी येतं, त्यातलं बरंचसं शंभर किलोमीटरच्या आसपासच्या अंतरावरून. त्यातला मोठा हिस्सा गळती आणि चोरीत जातो हे वर्षानुवर्षं सांगितलं जातं. निखिल आनंद यांनी मुंबईच्या पाण्यावर लिहिलेल्या ‘हायड्रॉलिक सिटी’ या 2017 सालच्या पुस्तकात गळती हा एक मोठा विषय आहे. जमिनीखालची गळती शोधणारे पाणीखात्यातले लोक रात्री वर्दळ थांबली की सळई जमिनीला टेकवतात आणि दुसरं टोक कानाला लावून ऐकतात. दाबाखालच्या पाण्याला चिरेतून निघताना आवाज असतो. यंत्रं आली, पण रात्रीची शांतता आणि सरावलेला कान यांना अजून सुट्टी मिळालेली नाही.

एल्बो बदलायला तास लागला नाही. पुन्हा दाब भरून काटा रात्रभर ठेवला, सकाळी होता तिथेच होता, मगच टाइल बसली. तीही जुळणारी मिळाली नाही, कारण ते डिझाइन केव्हाच बंद झालंय. आता ती एक टाइल वेगळ्या रंगाची आहे आणि पाहुणे विचारतात.

रंगाऱ्याला मात्र आम्ही थांबवलं. गळती बंद झाली म्हणजे भिंत वाळली असं होत नाही. वाळायला इंचाला एक महिना, असा जुना ठोकताळा आहे. साडेचार इंची भिंतीला चार-साडेचार महिने. तेवढा वेळ ती उघडी हवी. वरचेवर सुक्या ब्रशने लोणा झाडायचा, धुवायचा नाही, धुतला की तो परत आत शिरतो. जुन्या वाड्यांचा चुन्याचा गिलावा श्वास घ्यायचा, ओल आली तशी निघून जायची. आजचे चकचकीत रंग भिंतीचं तोंड दाबतात. ओल्या भिंतीवर लावलेला डॅम्पप्रूफचा हात म्हणजे पाण्याला दुसऱ्या बाजूने बाहेर पडायला सांगणं. रंगाऱ्याला हे पटलं नाही. तो म्हणाला, कंपनीची गॅरंटी आहे. गॅरंटी डब्यावर असते, भिंतीवर नसते, आणि डब्यावरच बारीक अक्षरांत ‘पृष्ठभाग कोरडा असावा’ असंही छापलेलं असतं.

तुमच्याकडे बाथरूमचं काम निघणार असेल तर तीन गोष्टी करा. टाइल लावण्याआधी लाइनीत दाब भरून एक रात्र जाऊ द्या. कंत्राटदार घाई करेल, करू द्या. आणि पाइप उघडे असताना प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, भिंतीला मेजरिंग टेप लावून, म्हणजे कुठला सांधा जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून किती इंचांवर आहे ते वाचता येईल. पाचसहा टाइल जास्तीच्या घेऊन माळ्यावर टाका. फोटो मोबाइलमध्ये ठेवू नका, मोबाइल बदलतात. छापून घराच्या कागदपत्रांच्या फाइलीत लावा, आणि उद्या घर विकलंत तर किल्लीबरोबर तेही नव्या मालकाच्या हातात द्या.